श्रीनिवास रामानुजन : परदेशातील पाच वर्षे आणि ढासळलेली प्रकृती

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, हा २०१२ पासून देशभर राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा केला जातो. त्यांच्या प्रमेयांविषयी, वह्यांविषयी आणि विलक्षण प्रतिभेविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे. मात्र, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी या प्रतिभावंताचे निधन का झाले, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. १९१४ मध्ये रामानुजन प्रथमच परदेशी निघाले, तेव्हा ते अंगाने काहीसे स्थूल आणि कामाच्या उत्साहाने भारलेले होते. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे शरीर अस्थिपंजर झाले होते. त्यानंतर जेमतेम वर्षभरात त्यांची प्राणज्योत मालवली. मधल्या पाच वर्षांत थंडी, आहार, एकटेपणा आणि अपुरे वैद्यकीय निदान या चार गोष्टींनी त्यांना कसे घेरले, याचा हा आढावा.

बालपण आणि आधीची आजारपणे

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तामिळनाडूतील इरोड येथे आजोळी झाला. वडील श्रीनिवास अय्यंगार कुंभकोणम येथे एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. आई कोमलताम्माळ धर्मनिष्ठ आणि करारी स्वभावाच्या होत्या. रामानुजन दोन वर्षांचे असताना, १८८९ च्या डिसेंबरमध्ये, त्यांना देवी आल्या. त्या दुखण्यातून ते वाचले. परंतु त्यांच्या पाठची काही भावंडे तान्हेपणीच दगावली. त्यामुळे आईचा जीव या मुलात विशेष गुंतलेला होता.

शालेय जीवनात त्यांच्या हाती जी. एस. कार यांचा गणितातील सूत्रांचा संग्रह आला आणि गणिताने त्यांना पुरते झपाटले. परिणामी इतर विषयांकडे दुर्लक्ष होऊन कुंभकोणम येथील महाविद्यालयाची शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. पुढे १९०६ मध्ये मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, पचय्यप्पा महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. त्याच वर्षी त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला आणि सुमारे तीन महिने घरी परतून विश्रांती घ्यावी लागली. या घटनेची त्या वेळी कोणी विशेष दखल घेतली नाही. तत्कालीन भारतात आमांश हा घरोघरी आढळणारा आजार होता. तथापि, पुढील काळाच्या संदर्भात ही नोंद अतिशय महत्त्वाची ठरते.

१९०९ मध्ये त्यांचा विवाह जानकी यांच्याशी झाला. १९१० च्या जानेवारीत त्यांच्यावर हायड्रोसीलची शस्त्रक्रिया करण्यात आली. कुटुंबापाशी पैसा नसल्याने एका डॉक्टरांनी ती विनामूल्य केली. प्रकृती सावरल्यानंतर रामानुजन नोकरीच्या शोधात फिरू लागले. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर आणि नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी त्यांची योग्यता ओळखली. १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपये वेतनावर ते कारकून म्हणून रुजू झाले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिज येथील गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र पाठविले. सोबत जोडलेल्या सूत्रांनी हार्डी थक्क झाले आणि त्यांनी रामानुजन यांना इंग्लंडला आणण्याचे प्रयत्न सुरू केले.

प्रयाणाची तयारी

त्या काळी सनातनी कुटुंबात समुद्रोल्लंघन निषिद्ध मानले जात असे. समुद्रापार जाणारा जातीबाहेर पडण्याची भीती होती. रामानुजन यांनी सुरुवातीस नकार दिला. त्यानंतर नामक्कल येथील नामगिरी देवीच्या दर्शनास ते गेले आणि आईलाही स्वप्नात देवीचा कौल मिळाला, असे सांगितले जाते. अखेर मांसाहार करणार नाही, या अटीवर प्रवासाला संमती मिळाली. केंब्रिजचे तरुण गणितज्ञ ई. एच. नेव्हिल १९१४ च्या प्रारंभी व्याख्यानांसाठी मद्रासला आले होते. त्यांनी रामानुजन यांचे मन वळविले आणि आर्थिक व्यवस्थेसाठीही खटपट केली. मद्रास विद्यापीठाने वार्षिक २५० पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्यातील ५० पौंड कुटुंबाच्या निर्वाहासाठी राखून ठेवण्यात आले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने आणखी ६० पौंड देऊ केले.

यानंतर जी तयारी झाली ती प्रामुख्याने बाह्य स्वरूपाची होती. रामानुजन यांच्यासाठी पाश्चात्त्य पद्धतीचे कपडे घेण्यात आले. काटे-चमच्यांनी जेवण्याचा सराव करून घेण्यात आला. त्यांची शेंडी कापण्यात आली. ते दृश्य घरच्यांच्या नजरेस पडू नये, म्हणून आई आणि पत्नी यांना आधीच कुंभकोणमला पाठविण्यात आले होते. विलायतेत त्यांनी परका दिसू नये, याची काळजी अनेकांनी घेतली. परंतु कडाक्याच्या थंडीत झोपावे कसे, शाकाहारी माणसाने तेथे पोषक आहार कसा मिळवावा, आजारी पडल्यास पूर्वीच्या दुखण्यांची माहिती डॉक्टरांना कशी द्यावी, या गोष्टी त्यांना शिकविण्याचे कोणाच्या मनात आले नाही. प्रथमच परदेशी जाणाऱ्या प्रवाशाच्या आरोग्याचा असा विचार करण्याची प्रथाच त्या काळी रूढ नव्हती.

१७ मार्च १९१४ रोजी नेवासा या जहाजाने रामानुजन मद्रासहून निघाले. पहिले काही दिवस त्यांना बोट लागली आणि अन्न जाईना. कोलंबो ओलांडल्यानंतर मात्र प्रकृती सुधारली आणि उर्वरित प्रवास सुखरूप झाला. १४ एप्रिल रोजी ते लंडनला पोहोचले. नेव्हिल त्यांना घेण्यासाठी बंदरावर आले होते.

केंब्रिजमधील पहिला हिवाळा

प्रारंभीचे काही आठवडे रामानुजन केंब्रिज येथे नेव्हिल दांपत्याच्या घरी राहिले. वसंत ऋतू सुरू होता आणि यजमान मायाळू होते. बुटांची सवय नसल्याने पाय आवळत असत, एवढीच काय ती तक्रार होती. घरात ते सपाता घालून वावरत. जूनमध्ये ते ट्रिनिटी कॉलेजमधील व्ह्यूएल्स कोर्ट या भागात राहावयास गेले. हार्डी यांच्या निवासापासून जवळ असावे, हा त्यामागील हेतू होता. कामाच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. मात्र, त्यांच्या खाण्यापिण्यावर आणि झोपेवर आपुलकीने लक्ष ठेवणारे घर त्यामुळे सुटले.

त्या पहिल्या हिवाळ्यातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पुढे भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस त्या वेळी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये शिकत होते. रामानुजन शेकोटीला अगदी खेटून बसलेले पाहून त्यांनी रात्री पुरेशी ऊब मिळते का, अशी चौकशी केली. रामानुजन यांनी थंडी वाजते असे सांगितले. आपण ओव्हरकोट घालून आणि वर शाल लपेटून झोपतो, असेही ते म्हणाले. अंथरुणावर पुरेशी ब्लँकेटे आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी महालनोबिस शयनगृहात गेले. ब्लँकेटे भरपूर होती. परंतु ती पलंगाच्या गादीखाली घट्ट खोचलेली असून त्यांवर चादर पसरलेली होती. ब्लँकेट उलगडून आत शिरायचे असते, हे रामानुजन यांना ठाऊकच नव्हते. ते सर्व पांघरुणांच्या वर झोपत होते. महालनोबिस यांनी पांघरुणाची घडी मागे सारून आत कसे शिरावे, हे प्रत्यक्ष दाखविले.

या प्रसंगाकडे अनेकदा विनोदाने पाहिले जाते. वास्तविक, कुंभकोणमच्या उष्ण हवेत चटईवर झोपणाऱ्या माणसाला इंग्रजी पलंगाची रचना माहीत असण्याचे कारण नव्हते. संकोची स्वभावामुळे त्यांनी कोणाला विचारलेही नाही. एका मित्राने चौकशी केली म्हणूनच ही अडचण उघडकीस आली.

आहाराचा प्रश्न

आहाराची अडचण याहून गंभीर होती. रामानुजन यांनी आईला दिलेला शब्द काटेकोरपणे पाळला. कॉलेजच्या भोजनगृहात शाकाहारी पदार्थ मिळत. परंतु बटाटे डुकराच्या चरबीत तळले जातात, असा संशय आल्यावर त्यांनी तेथील अन्न वर्ज्य केले. खोलीतील गॅसच्या शेगडीवर ते स्वतःच स्वयंपाक करू लागले. भात, सांबार, रस्सम असे घरच्या चवीचे पदार्थ ते उत्तम करीत. स्वयंपाकापूर्वी वस्त्रे बदलण्याचा नेमही त्यांनी सोडला नाही. चिंच, मसाले इत्यादी जिन्नस मद्रासहून टपालाने मागविले जात.

अडचण चवीची नव्हती, नियमितपणाची होती. गणितात गढून गेल्यावर ते सलग तीस-तीस तास काम करीत आणि नंतर दीर्घकाळ झोपत. स्वयंपाक दिवसातून एकदा, क्वचित दोन दिवसांतून एकदाही होत असे. कुंभकोणमला असताना आई त्यांच्या हातावर भाताचे घास ठेवीत असे, जेणेकरून लेखनात खंड पडू नये. केंब्रिजमध्ये ती व्यवस्था करणारे कोणी नव्हते. कॉलेजच्या भोजनगृहात न जाण्याने आणखी एक नुकसान झाले. सहकाऱ्यांसमवेत एकत्र भोजन करणे हा केंब्रिजमधील सामाजिक जीवनाचा गाभा होता. त्यापासून दूर राहिल्याने रामानुजन अधिकाधिक एकाकी झाले.

या संदर्भात महात्मा गांधी यांच्या अनुभवाशी तुलना उद्बोधक ठरते. १८८८ मध्ये गांधीजी शिक्षणासाठी प्रथमच लंडनला गेले, तेव्हा त्यांनीही मातेला मांसाहार न करण्याचे वचन दिले होते. सुरुवातीचे काही दिवस त्यांचीही उपासमार झाली. परंतु लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. पुढे ते तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही सहभागी झाले. वचन तेच होते. परंतु गांधीजींना त्या वचनाबरोबर जेवणाची सोय आणि समविचारी मंडळीही लाभली. शांततेच्या काळातील लंडन आणि युद्धकाळातील केंब्रिज, हा परिस्थितीतील फरकही अर्थातच मोठा होता.

महायुद्धाची झळ

रामानुजन इंग्लंडला पोहोचल्यानंतर चार महिन्यांच्या आतच, ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले. ट्रिनिटी कॉलेजच्या नेव्हिल्स कोर्ट या प्रांगणात जखमी सैनिकांसाठी खाटा लागल्या. विद्यार्थी आणि अध्यापक आघाडीवर गेले. हार्डी यांचे सहकारी जे. ई. लिटलवुड हे तोफखान्याच्या कामासाठी निघून गेले. गजबजलेले केंब्रिज ओस पडू लागले.

युद्ध लांबत गेले तसा अन्नपुरवठ्यावर ताण वाढला. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी मालवाहू जहाजांवर हल्ले तीव्र केले. फळे, भाज्या आणि दूध यांची टंचाई निर्माण झाली. मांसाहारी व्यक्तीला निदान काही पर्याय उपलब्ध होते. काटेकोर शाकाहारी माणसाचा आहार मात्र भात आणि मसाल्याच्या पाण्यावर येऊन ठेपला. त्यातच इंग्लंडमधील हिवाळ्यात सूर्यप्रकाश दुर्मीळ असतो. सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व यांचा संबंध त्या वेळी विज्ञानाला उलगडलेला नव्हता. ब-१२ जीवनसत्त्वाचा शोध तर आणखी तीस वर्षांनी, १९४८ मध्ये लागला. त्यामुळे अशा आहारातील उणिवा दाखवून देणारे शास्त्रच तेव्हा उपलब्ध नव्हते.

या परिस्थितीतही रामानुजन यांचे संशोधन अखंड चालू होते. १९१५ मध्ये अतिविभाज्य संख्यांवरील त्यांचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. त्याच कामासाठी १९१६ च्या मार्चमध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पदवी प्रदान केली. हार्डी यांच्यासमवेत त्यांनी संख्यांच्या विभाजनाविषयी मूलगामी काम केले. कामाच्या या भरात शरीराच्या तक्रारींकडे दुर्लक्ष होत गेले. मध्यंतरी मायदेशी येऊन जाण्याचा विचार होता. परंतु युद्धामुळे सागरी प्रवास धोक्याचा झाल्याने तो लांबणीवर पडला.

निदान अनेक, उतार नाही

१९१७ च्या वसंत ऋतूत रामानुजन गंभीर आजारी पडले. केंब्रिज येथील एका शुश्रूषागृहात त्यांना दाखल करण्यात आले. प्रथम जठरातील व्रणाचे निदान झाले. नंतर क्षयरोगाचा संशय व्यक्त करण्यात आला. पुढे यकृताच्या कर्करोगाची शंकाही घेण्यात आली. १९१० मधील शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला भाग कर्करोगाचा असावा, असा त्यामागील तर्क होता. रक्तात विषार पसरल्याचाही एक विचार पुढे आला. रात्री चढणारा आणि पुन्हा उतरणारा ताप, वेदना आणि घटत जाणारे वजन ही लक्षणे मात्र कायम होती.

क्षयरोगी म्हणून त्यांची रवानगी आरोग्यधामांत झाली. सॉमरसेट परगण्यातील मेंडिप टेकड्यांमधील आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. चौरी मुथू हे भारतीय होते. योगायोगाने १९१४ च्या नेवासा जहाजावरील प्रवासात दोघांची गाठ पडली होती. तेथे मात्र रामानुजन फार काळ राहिले नाहीत. त्यानंतर डर्बीशायरमधील मॅटलॉक येथील आरोग्यधामात त्यांचा दीर्घ काळ गेला. क्षयरोगावर त्या वेळी परिणामकारक औषध नव्हते. विश्रांती, भरपूर आहार आणि मोकळी हवा हाच उपचार मानला जाई. त्यामुळे रुग्णांना उघड्या खिडक्यांच्या थंडगार खोल्यांत ठेवीत. उष्ण प्रदेशातून आलेल्या रामानुजन यांना ही थंडी असह्य होत असे. खोलीत शेकोटी पेटविण्यास परवानगी मिळत नसल्याची तक्रार त्यांनी पत्रातून हार्डी यांच्याकडे केली होती. उबदार स्नानगृहात कागद आणि लेखणी घेऊन बसावे आणि तेथेच गणित करावे, असा बेत त्यांना करावा लागला.

भरपूर आहार हा उपचाराचा दुसरा भाग होता, आणि तेथेही पेच होता. आरोग्यधामातील स्वयंपाकघराला दक्षिण भारतीय भोजन येत नव्हते आणि रामानुजन यांना तेथील अन्न रुचत नव्हते. त्यांना भेटण्यास गेलेल्या एका भारतीय अभियंता मित्राने त्यांची खालावलेली अवस्था पाहून हार्डी यांना सविस्तर पत्र लिहिले. आहाराबाबतचा आग्रह काहीसा सैल केल्याशिवाय प्रकृती सुधारणार नाही, अशी चिंता त्यांनी त्यात व्यक्त केली होती. रामानुजन हे सोपे रुग्ण नव्हते. ते डॉक्टरांवर सहजी विश्वास ठेवीत नसत आणि पथ्यपाण्याच्या सूचना नेहमीच पाळत नसत, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

याच काळात घराकडूनही मनाला आधार मिळत नव्हता. सासू-सून यांच्यातील तणावामुळे पती-पत्नींची पत्रे एकमेकांपर्यंत पोहोचत नव्हती. पत्नी लिहीत का नाही, हे रामानुजन यांना कळत नव्हते. दीर्घ आजार, एकटेपणा आणि कौटुंबिक चिंता यांनी ते खचून गेले. १९१८ च्या सुरुवातीस लंडनमध्ये निराशेच्या भरात त्यांनी आयुष्य संपविण्याचा प्रयत्न केला. प्रसंगावधानाने गाडी थांबविण्यात आली आणि ते बचावले. मनाच्या आजारावर उपचाराची गरज असते, ही जाणीव त्या वेळी फारशी नव्हती.

याच १९१८ या वर्षाने त्यांना मोठे सन्मानही दिले. २ मे रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. मुंबईचे जहाजबांधणी तज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी यांना १८४१ मध्ये हा मान मिळाला होता. त्यांच्यानंतर हा मान मिळविणारे रामानुजन हे दुसरे भारतीय होत. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटी कॉलेजचे पहिले भारतीय फेलो म्हणून त्यांची निवड झाली. या सन्मानांनी त्यांना उभारी आली. लंडनजवळील पटनी येथील रुग्णालयात असताना, हार्डी यांनी आपल्या टॅक्सीचा क्रमांक १७२९ असल्याचे सहज सांगितले. ही संख्या दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन निरनिराळ्या प्रकारे मांडता येणारी सर्वांत लहान संख्या असल्याचे रामानुजन यांनी तत्काळ दाखवून दिले. शरीर थकले असले तरी बुद्धी तितकीच तल्लख होती.

मायदेशी पुनरागमन

महायुद्ध संपल्यानंतर मायदेशाच्या हवेत प्रकृती सुधारेल, या आशेने रामानुजन यांना परत पाठविण्याचा निर्णय झाला. मद्रास विद्यापीठाने त्यांना पाच वर्षांसाठी वार्षिक २५० पौंड मंजूर केले. कुटुंबाच्या गरजा भागल्यानंतर उरलेली रक्कम गरीब आणि अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी वापरावी, असे रामानुजन यांनी विद्यापीठाला आजारी अवस्थेतच कळविले. २७ फेब्रुवारी १९१९ रोजी नागोया या जहाजाने त्यांनी इंग्लंडचा निरोप घेतला. प्रवासाअंती ते मुंबई बंदरात उतरले. आई आणि धाकटा भाऊ त्यांना घेण्यासाठी आले होते. पत्नी जानकी मात्र तेथे नव्हत्या. मद्रासला परतल्यानंतर त्या पतीजवळ आल्या आणि अखेरपर्यंत त्यांनी शुश्रूषा केली.

मद्रास, कावेरीकाठचे कोडुमुडी, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास असे हवापालट झाले. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील क्षयरोगतज्ज्ञ डॉ. पी. एस. चंद्रशेखर यांनी उपचार केले. उतार पडला नाही. अंथरुणाला खिळलेले असतानाही रामानुजन पाटी आणि कागद मागून घेत. १२ जानेवारी १९२० रोजी हार्डी यांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी मॉक थीटा फलने या नव्या संकल्पनेची माहिती दिली. या काळातील त्यांची हस्तलिखिते १९७६ मध्ये अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आढळली. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमधील चेटपेट येथे रामानुजन यांचे निधन झाले. त्यानंतर जानकी यांनी काही वर्षे मुंबईत भावाकडे राहून शिवणकाम शिकून घेतले आणि पुढे मद्रासमध्ये स्वावलंबी जीवन व्यतीत केले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजाराची फेरतपासणी

रामानुजन यांचा मृत्यू क्षयरोगाने झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९४ मध्ये डॉ. डी. ए. बी. यंग या अभ्यासकांनी उपलब्ध नोंदींची छाननी करून रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वेगळा निष्कर्ष मांडला. रामानुजन यांना यकृताचा अमिबाजन्य विकार झाला असावा, असे त्यांचे मत आहे. आमांशास कारणीभूत होणारा अमिबा हा सूक्ष्म जीव योग्य उपचारांअभावी शरीरात दडून राहू शकतो. अनेक वर्षांनी तो यकृतात दाह अथवा गळू निर्माण करतो. १९०६ मधील आमांश आणि पुढील काळातील अधूनमधून येणारा ताप यांची संगती अशा रीतीने लागते. सर्व अभ्यासक या निष्कर्षाशी सहमत नाहीत आणि एवढ्या वर्षांनी अंतिम निर्णय देणे शक्यही नाही.

हा निष्कर्ष खरा मानल्यास त्यातून एक वेदनादायक बाब पुढे येते. या विकाराचे निदान अवघड असले, तरी निदान झाल्यास तो त्या काळीही बरा होऊ शकत होता. कोलकाता येथे कार्यरत असलेले डॉ. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्येच अमिबाजन्य आमांशावर एमेटीन या औषधाच्या इंजेक्शनांचा उपयोग दाखवून दिला होता. उष्ण कटिबंधीय रोगांचे शिक्षण देणारी संस्था लंडनमध्ये १८९९ पासून कार्यरत होती. म्हणजेच औषध होते आणि जाणकारही होते. परंतु रुग्णाचा पूर्वेतिहास आणि हे ज्ञान यांची गाठ पडली नाही. १९१० च्या शस्त्रक्रियेचा विचार झाला आणि त्यातून कर्करोगाची शंका निघाली. १९०६ च्या आमांशाचे महत्त्व मात्र कोणाच्या लक्षात आले नाही.

आजच्या प्रवाशांसाठी

रामानुजन यांचा जन्म झाला त्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुणे येथे क्षयाने निधन झाले होते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून त्या काही महिन्यांपूर्वीच परतल्या होत्या. थंड हवामान, अपरिचित आहार आणि अविश्रांत अभ्यास यांचा त्यांच्याही प्रकृतीवर परिणाम झाला होता. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. भारतीय किराणा मालाची दुकाने जगातील बहुतेक मोठ्या शहरांत आढळतात आणि घरच्यांशी रोज बोलता येते. तरीही प्रथमच परदेशी जाणाऱ्या व्यक्तीच्या अडचणींचे मूळ स्वरूप फारसे बदललेले नाही.

प्रयाणापूर्वी काही आठवडे आधी डॉक्टरांची भेट घेऊन आवश्यक लसी टोचून घेणे, आरोग्य विमा उतरविणे आणि पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी तसेच चालू औषधे यांची लेखी नोंद जवळ बाळगणे हितावह ठरते. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ शास्त्रीय नाव असल्यास परदेशातील डॉक्टरांना ते समजण्यास मदत होते. परदेशात ताप आल्यास आपण कोणत्या देशातून आलो आणि तेथे पूर्वी कोणते आजार झाले होते, हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. शाकाहारी व्यक्तींनी ब-१२ आणि थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झोप आणि जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात. मन खिन्न राहू लागल्यास विद्यापीठातील समुपदेशक अथवा डॉक्टर यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.

परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या कुटुंबीयांवर आणि आधीपासून तेथे राहणाऱ्या देशबांधवांवरही काही जबाबदारी असते. रात्री ऊब मिळते का, जेवण वेळेवर होते का, एवढी साधी चौकशी कित्येकदा पुरेशी ठरते. महालनोबिस यांनी अशी चौकशी केली म्हणून रामानुजन यांना त्या हिवाळ्यात पांघरूण मिळाले. त्यांच्या जुन्या आजारपणाविषयी अशीच चौकशी वेळेवर झाली असती, तर कदाचित भारतीय गणिताचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.